सरचूपासून परत

वहिनीला सायकल मी शिकवली असं घरात सगळे म्हणतात, पण ते खरं नाही. ती माहेरीच शिकली होती. तिच्या वडिलांची मासेमारीची होडी होती आणि शाळेच्या वयात ती कॅरिअरला पाटी बांधून आईच्या मागोमाग बाजारात मासळी पोचवायची. लग्न झालं आणि सायकल सुटली. मी एवढंच केलं, की एका दिवाळीत माझी जुनी सायकल अंगणात तिच्यापुढे उभी केली आणि म्हटलं, "बघ गो, अजून येते का." तिने ओढणी कमरेला बांधली आणि कुणी काही बोलायच्या आत फाटकातून बाहेर पडली. परत आली तेव्हा घामाने चिंब होती. "ब्रेक ढिले आहेत तुझे," एवढंच म्हणाली.

माझा भाऊ, म्हणजे दादा, मालवाहू जहाजावर इंजिन खात्यात होता. वर्षातले बरेच महिने तो समुद्रावर असायचा. मी लग्न केलं नाही. सरकारी दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते आणि दादाच्याच घरात राहते. आई गेली, दादा-वहिनीची मुलगी शिकायला पुण्याला गेली ती तिकडचीच झाली आणि घरात आम्ही दोघी उरलो. नणंद-भावजय म्हटल्यावर लोकांना जे ऐकायला हवं असतं, ते आमच्याकडे कधी घडलं नाही. आम्हाला एकमेकींची सवय झाली होती, आणि सायकलीमुळे ती सवय मैत्रीच्या जवळ गेली.

सुरुवातीला आम्ही रत्नागिरीहून भाट्याच्या पुलावरून पावसला जायचो. मग आरे-वारेच्या चढउतारांवरून गणपतीपुळे. मग सायकलवाल्यांचा एक गट भेटला आणि त्यांच्याबरोबर आंबा घाट झाला. कुंभार्ली घाट मात्र आम्ही दोघींनीच केला. वहिनीचा मावसभाऊ पोफळीला वीज प्रकल्पाच्या कॉलनीत राहायचा. संध्याकाळी त्याच्याकडे मुक्काम केला आणि सकाळी घाट चढायला घेतला. मी सुरुवातीला जोर लावायची आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर धापा टाकत बसायची. वहिनी मागून एका लयीत यायची, माझ्या शेजारून तशीच पुढे जायची आणि वरच्या वळणावर कठड्याला टेकून माझी वाट बघायची.

"तुला दम कसा लागत नाही?" मी विचारलं.

"लागतो ना. पण वल्हं मारताना बाबा सांगायचे, दम संपायच्या आधी हात हलका करायचा. संपल्यावर नाय."

लडाखचा विषय सायकल गटातल्या एका जोडप्यामुळे निघाला. ते मनालीहून लेहपर्यंत सायकलने जाऊन आले होते आणि त्यांनी सगळ्यांना घरी बोलावून फोटो दाखवले. उघडे तपकिरी डोंगर, त्यांच्यावरून दोरा सोडल्यासारखा रस्ता आणि खिंडीतल्या रंगीत पताका. बाकीचे प्रश्न विचारत होते, वहिनी फोटोच बघत होती. घरी आल्यावर भाताचा कुकर लावता लावता तिने विचारलं, "तिकडे बाया जातात?"

"जातात."

"आपल्या वयाच्या?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिने पाठ वळवलेलीच होती. "जाऊ या की," मी म्हटलं, आणि मग तिने गॅस बारीक केला.

दादाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा त्याने फोन चेहऱ्याजवळ आणला. मग हसून म्हणाला, "माझ्याबरोबर कधी सिंगापूरला आली नाहीस, आणि आता हिमालयात निघालीस."

"तुम्ही नेलंत कधी?" वहिनी म्हणाली.

"हेल्मेट चांगलं घ्या," दादा म्हणाला. त्याची ती परवानगी होती. वहिनीने ती मागितली नव्हती, पण मिळाल्यावर तिचा चेहरा उजळला हे मी पाहिलं.

वर्षभर आम्ही तयारी केली. पंक्चर काढायला शिकलो, साखळी तुटली तर जोडायला शिकलो. जूनच्या शेवटी सायकली खोक्यात भरून रेल्वेने चंदीगड आणि तिथून बसने मनाली गाठली. वहिनीच्या सामानात कुळथाचं पीठ आणि भाजलेल्या सुकटीची चटणी होती. मी वजनावरून कटकट केली, तर म्हणाली, "मी वाहतेय ना? तुला काय त्याचं?"

रोहतांग आम्ही दोन टप्प्यांत चढलो. पलीकडे उतरल्यावर हवा बदलली, झाडं विरळ झाली, नदी करडी झाली. केलाँग, जिस्पा, दारचा, रोज थोडं थोडं वर. सावकाश जायचं हे आम्ही वाचलेलं होतं. उंचीवर घ्यायची गोळीही मी दोघींना वेळेवर देत होते, माझं कामच ते.

झिंगझिंगबारला तंबूतल्या ढाब्यात मुक्काम झाला. तिथली बाई स्पितीकडची होती, आम्हाला दोघींना बघून तिला नवल वाटलं. तिचं हिंदी वहिनीला कळत नव्हतं आणि वहिनीचं तिला, तरी थोड्या वेळाने वहिनी तिच्या स्टोव्हपाशी बसून कुळथाची पिठी ढवळत होती. त्या बाईने भातावर घेऊन खाल्ली आणि पुन्हा वाडगा पुढे केला. दोन ट्रकवालेही जेवले. वहिनी त्या तंबूत अशी वावरत होती, जशी रत्नागिरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात कधी वावरली नव्हती. आई जाऊन इतकी वर्षं होऊनही आमच्याकडे ती जरा पाहुण्यासारखीच राहिली होती, हे मला तिथे बसून कळलं.

दुसऱ्या दिवशी बारालाचा खिंड. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लांब चढ. वर सूरजताल लागला, काठाला अजून बर्फ होतं. मी दर थोड्या अंतरावर उतरून उभी राहत होते. वहिनीने तो चढ एकदाही पाय न टेकता पार केला असं मी म्हणणार नाही, पण तिला पाहून तसं वाटत होतं. खिंडीत ती पताकांच्या खाली बसली होती. मी पोचल्यावर तिने माझी सायकल धरली आणि म्हणाली, "बाय, मी हे केलं." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून 'मी' हा शब्द असा मी ऐकला नव्हता. तिच्या बोलण्यात नेहमी 'आपलं', 'आमचं', 'यांचं' असायचं.

दुपारी उतरून सरचूला आलो. सपाट, वाऱ्याचं मैदान, ओळीने लावलेले तंबू. माझं डोकं दुखत होतं. उन्हामुळे असेल म्हणून मी पाणी प्यायले आणि पडून राहिले. संध्याकाळी जेवण गेलं नाही. सकाळी उठले तर बुटाची नाडी बांधता येईना. नाडी दिसत होती, बोटं हलत होती, पण गाठ कशी मारायची ते सुचत नव्हतं. तंबूबाहेर आले आणि सरळ चालायला गेले, तर पाय दारू प्यायल्यासारखे तिरके पडू लागले. याचा अर्थ उंचीमुळे मेंदूला सूज येतेय, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी लगेच सांगितलं असतं. स्वतःचं असल्यामुळे मी वहिनीला म्हटलं, "चहा घेतला की बरं वाटेल."

तिने चहा मागवला नाही. ती थेट शेजारच्या लष्करी तळावर गेली आणि तिथल्या डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी बोटाला यंत्र लावलं, मला एका रेषेत चालायला लावलं, नाकाला ऑक्सिजन लावला. मग वहिनीकडे वळून हिंदीत म्हणाले, "यांना आजच खाली न्यायला हवं. आत्ता. केलाँगपर्यंत."

"बरी होईल ना?"

"खाली गेल्या तर नक्की होतील. इथे थांबल्या तर मला सांगता येणार नाही."

आमच्या शेजारच्या तंबूत नाशिकचं एक नवरा-बायको सायकलस्वार जोडपं होतं. कालच ओळख झाली होती. ती बाई वहिनीला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुम्ही इतक्या छान चढता. पिकअपवाला यांना केलाँगच्या दवाखान्यात सोडेल, तिथे बघणारे आहेत. तुम्ही आमच्याबरोबर चला. लेहला भेटा दोघी."

मी ऐकत होते. ऑक्सिजनमुळे डोकं जरा स्वच्छ झालं होतं. मी म्हटलं, "वहिनी, जा तू. खरंच जा. मी जाईन खाली."

"गप बस गो," ती म्हणाली.

"तू परत कधी येणार इथे?"

"गप बस म्हटलं ना."

तिने दोन्ही सायकली स्वतः पिकअपवर चढवल्या, चाकं दोरीने बांधली, मधे चटई घातली, म्हणजे घासायला नकोत. मला ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि ती माझ्या पलीकडे, दाराकडे बसली. निघताना तिने एकदाच लेहच्या बाजूला पाहिलं. रस्ता मैदानातून सरळ जाऊन डोंगराच्या पायथ्याशी दिसेनासा होत होता. तिकडून सुप्रसिद्ध एकवीस वळणांचा चढ सुरू होतो, हे आम्ही नकाशावर किती वेळा बोट फिरवून बघितलं होतं. मग गाडी वळली. बारालाचा पुन्हा आला, आता खिडकीतून. माझं डोकं तिच्या खांद्यावर होतं. ती काय बघत होती, मला दिसलं नाही.

केलाँगला आल्यावर दुसऱ्या दिवशी मी वरणभात खाल्ला. इतकं ते सोपं होतं. हिंडत होते, बोलत होते, हसतही होते. वहिनी माझी प्रकृती बघून सुखावली, हे खरं. पण मला स्वतःच्या त्या बरं होण्याची लाज वाटत होती. नीट आजारी तरी पडायला हवं होतं मी, असा वेडा विचार मनात यायचा. पुन्हा वर जायला रजा उरली नव्हती आणि डॉक्टरांनीही नको म्हटलं.

"पुढच्या वर्षी," वहिनी म्हणाली. "सरचूला दोन मुक्काम जास्त करू."

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी दादाची सुट्टी नेमकी जून-जुलैत आली. तो घरी असताना त्याला टाकून जायचं वहिनीच्या मनाला पटेना. "वर्षातून एकदा येतो माणूस," ती म्हणाली. "डोंगर कुठे पळून जातायत?" मलाही ते बरोबर वाटलं. आजही वाटतं. चुकलं कुणाचंच नाही, आणि त्यामुळेच त्याचा राग कुणावर काढताही येत नाही.

त्या हिवाळ्यात दादाला जहाजावर पक्षाघाताचा झटका आला. त्याला जवळच्या बंदरावर उतरवलं, तिथून विमानाने मुंबईला आणलं. महिन्याभराने तो घरी आला तेव्हा उजवा हात आणि पाय त्याचे राहिले नव्हते, आणि शब्द तोंडाशी येऊन अडकत होते. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो नवरा वहिनीला कायमचा घरी मिळाला, तो असा. ती त्याच्याशी कधी चिडून वागली नाही. सकाळी त्याला उठवणं, दाढी, व्यायाम, जेवण, दुपारी बोलण्याचा सराव, सगळं ती करायची. तिची सायकल पडवीत चादरीखाली होती. मी तिच्या चाकांत हवा भरून ठेवायची. तिने कधी ती चादर काढलेली मला दिसली नाही.

तीन वर्षांनी तिनेच मला पुन्हा लेहला लावून दिलं. मी नको म्हणत होते.

"तुझ्यामुळे मी आले परत, असं वाटतं ना तुला?" एकदा भांडी लावताना तिने विचारलं.

मी हातातलं पातेलं पुन्हा पुसलं.

"मग जाऊन ये. निदान एकीचं तरी होऊ दे."

मी गेले. या खेपेला प्रत्येक ठिकाणी जास्तीचा मुक्काम केला, सरचूला तर दोन दिवस नुसती बसून राहिले. ती एकवीस वळणं चढले. नकीला आणि लाचुंगला या दोन खिंडी, पांग, मग मोरेचं ते न संपणारं पठार, आणि शेवटी तंगलांगला ही सर्वांत उंच खिंड. वर पोचले तेव्हा वारा इतका होता की सायकल धरून उभं राहावं लागत होतं. मोटारसायकलवरून आलेल्या कुणीतरी माझा फोटो काढून दिला. त्या फोटोत मी हसते आहे. प्रत्यक्षात मला एवढंच वाटत होतं, की मी आता उजवीकडे वळून 'बघ' म्हणणार होते, आणि तिथे कुणी नव्हतं. फोनला रेंज नव्हती. मी थोडा वेळ थांबले आणि उतरायला लागले.

उपशीला रेंज मिळाली तेव्हा फोन केला. वहिनीने अभिनंदन वगैरे म्हटलं नाही. तिने विचारलं, "उतार कसा आहे गो तंगलांगच्या पलीकडे?"

"लांब. सरळ गावापर्यंत."

"हात दुखले ब्रेक धरून?"

"खूप."

"आणि ते पठार? तिथे मेंढ्या असतात म्हणतात."

"होत्या. घोडेही होते."

ती विचारत राहिली. रस्त्याचा रंग, पाण्याचे ओढे, तंबूवाली बाई कुठली होती, भात मिळाला का. मी सगळं सांगितलं. मागून दादाची हाक ऐकू आली, तशी ती म्हणाली, "थांब, यांना उठायचंय," आणि फोन तसाच चालू राहिला. मी उपशीच्या रस्त्यावर उभी राहून आमच्या घरातले आवाज ऐकत होते, काठीचा, खुर्ची सरकल्याचा, तिच्या "हं, आता डावा" म्हणण्याचा. मग मीच फोन ठेवला.

घरी आल्यावर मी काढलेले व्हिडिओ आम्ही तिघांनी बसून पाहिले. सरचूचं मैदान आलं तेव्हा वहिनी म्हणाली, "इथपर्यंतचं मला माहीत आहे." तिथून पुढचं तिने एका शब्दानेही न बोलता पाहिलं. मला वाटलं होतं तिला आनंद होईल, आणि झालाही असेल. पण तिला मी जे दाखवत होते ते तिचंच होतं आणि आता माझं झालं होतं, ही जाणीव मला तेव्हापासून सोडत नाही. मी गेले नसते तर ते दोघींचंही राहून गेलेलं असतं, सारखंच. ते कदाचित बरं झालं असतं.

दादाने मात्र त्या दिवशी एक केलं. व्हिडिओ संपल्यावर त्याने डाव्या हाताने वहिनीच्या मनगटावर थोपटलं आणि एक एक शब्द शोधत म्हणाला, "तू... जा. मी... राहतो."

मी लगेच तेच धरून बसले. पुढच्या जुलैत मी महिन्याची रजा घेईन, दादापाशी मी राहीन, ती नाशिकच्या जोडप्याच्या गटाबरोबर जाईल. त्यांचा आमच्याशी संपर्क होता, ते आनंदाने तयार झाले. वहिनी आधी नाही म्हणाली, मग एका सकाळी स्वतः पडवीत जाऊन तिने चादर काढली. मी दवाखान्यातून रजेचा अर्ज मंजूर करून घेतला. दादाचा व्यायाम मी शिकून घेतला. ती पहाटे उठून थोडं थोडं अंतर वाढवू लागली. रविवारी शेजारच्या काकू दादापाशी बसायच्या आणि मी तिच्याबरोबर जायची.

एप्रिलमधल्या अशाच एका रविवारी आम्ही काळबादेवी गावाच्या पुढे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाणारा चढ चढत होतो. दोन्हीकडे कातळ, वाळलेलं गवत, खाली समुद्र. ती माझ्यापुढे होती. चढ निम्मा झाल्यावर तिने ब्रेक लावला आणि उतरली. मला वाटलं, साखळी पडली.

"काय झालं?"

"काय नाय." तिने सायकल स्टँडवर लावली आणि कातळावर बसली. दम लागलेला नव्हता. मी शेजारी बसले.

"बाय, मला जायचं नाहीये."

"दादाची काळजी वाटते? मी आहे ना."

"यांचं नाय. तू करशील सगळं, मला माहीत आहे." ती समुद्राकडे बघत बोलत होती. "मला आतूनच नको झालंय. महिनाभर रोज बघतेय, येतंय का परत ते. नाय येत."

"तिथे पोचलीस की येईल."

"तेव्हाचं जायचं होतं गो मला. त्या पिकअपमधून उतरून पुढे. तेव्हाच्या पायांनी. आता गेले तर तू नाराज होऊ नयेस म्हणून जाईन, हे नाराज होऊ नयेत म्हणून जाईन. परत तेच ना?"

मी म्हटलं, "मी तेव्हा आजारी पडले नसते तर..."

"पडलीस. त्याला कोण काय करणार?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आणि मी तेव्हा पुढे गेले असते, तरी सगळा रस्ता तुझाच विचार करत गेले असते. म्हणून तर वळले."

खालून एक टेम्पो घरघरत वर आला आणि गेला. मग तिने सायकल वळवली. उतारावर ती पुढे होती, मी मागे. घराच्या अलीकडे कोपऱ्यावर एक बाई बांगडे घेऊन बसली होती, तिथे थांबून तिने बांगडे घेतले आणि पिशवी हँडलला अडकवली.

नाशिकला मीच फोन करून कळवलं. ती बाई म्हणाली, "असू दे, पुढच्या वर्षी बघू." मी हो म्हटलं.

रजा मंजूर झालेली होती, ती मी रद्द केली नाही. तो महिना मी घरीच होते. पाऊस इतका होता की फार कुठे जाताही आलं नसतं. दुपारी दादा बोलण्याचा सराव करायचा, वहिनी निवडत-टिपत बसायची आणि मी समोर बसून एकेक चित्र त्याला दाखवायची. छत्री, विळी, दिवा, होडी. काही शब्द यायचे, काही अडायचे. एखादा अडला की वहिनी मान वर न करता त्याचं पहिलं अक्षर म्हणायची, आणि मग आम्ही दोघी थांबायचो.